परतीचे निमंत्रण : स्पेनमधील आंतरराष्ट्रीय स्वयंसेवकांच्या मेळाव्यांचा विचार

जुन्या सैनिकांचे मेळावे हे इतिहासाचे साधन म्हणून फारसे प्रतिष्ठित नाहीत. तेथे भाषणे होतात, पदके मिरवली जातात, मृतांच्या नावाने क्षणभर स्तब्धता पाळली जाते, आणि कित्येक वर्षांपूर्वीच्या लढाया पूर्वीपेक्षा अधिक सफाईने पुन्हा एकदा लढल्या जातात. संशोधकाला हवा असतो तो त्या वेळचा कागद. वृद्धाच्या तोंडची कथा त्याला शिळी वाटते. म्हणून अशा मेळाव्यांची इतिवृत्ते चाळून बाजूला ठेवण्याकडे त्याचा कल असतो. हा कल सर्वस्वी चुकीचा नाही. ज्या युद्धाची आठवण काढण्यासाठी माणसे जमतात, त्या युद्धाविषयी मेळावा क्वचितच काही नवे सांगतो. परंतु ज्या वर्षी तो भरतो त्या वर्षाविषयी तो पुष्कळ सांगतो. बोलावणे कोणी धाडले, कोणत्या अटीवर धाडले, कोण येऊ शकले नाही आणि कोणाला बोलावण्याचे कोणाच्याच मनात आले नाही, एवढे प्रश्न विचारले म्हणजे मेळाव्याचे इतिवृत्त हा एक अस्सल दस्तऐवज ठरतो. स्पेनच्या यादवी युद्धात लढण्यासाठी परदेशांहून गेलेल्या स्वयंसेवकांचे मेळावे या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. आणि त्यांचा एक धागा नागपूरपर्यंत पोहोचत असल्यामुळे मराठी अभ्यासकाला तो विषय अगदीच परका नाही.

१

स्पेनमधील प्रजासत्ताक सरकारविरुद्ध सेनाधिकाऱ्यांनी जुलै १९३६ मध्ये बंड केले. जर्मनी व इटली यांनी बंडखोरांना उघड मदत दिली. इंग्लंड व फ्रान्स यांनी 'हस्तक्षेप न करण्याचे' धोरण स्वीकारले, म्हणजे व्यवहारात प्रजासत्ताकाची शस्त्रखरेदी अडवली. अशा स्थितीत ऑक्टोबर १९३६ पासून आंतरराष्ट्रीय ब्रिगेडी उभ्या राहिल्या. त्यांची भरती मुख्यतः कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या यंत्रणेमार्फत झाली व त्यांचे ठाणे आल्बासेते येथे होते. सुमारे पन्नास देशांतून आलेल्या या स्वयंसेवकांची एकूण संख्या साधारणतः पस्तीस हजार धरली जाते. एका वेळी रणांगणावर असलेली संख्या अर्थातच तीहून पुष्कळ कमी होती. ८ नोव्हेंबर १९३६ रोजी त्यांची पहिली तुकडी माद्रिदच्या रस्त्यांतून आघाडीकडे गेली, आणि पुढच्या काही आठवड्यांत शहराच्या वायव्येस असलेल्या विद्यापीठनगरातच लढाईची रेषा स्थिरावली.

विद्यापीठीय वाचकाला रुचेल असा एक तपशील येथे नोंदवण्यास हरकत नाही. तत्त्वज्ञान व साहित्य विद्याशाखेच्या इमारतीत अडकलेल्या स्वयंसेवकांनी खिडक्यांपाशी ग्रंथालयातील जाडजूड ग्रंथांच्या भिंती रचल्या होत्या. जॉन समरफील्ड या ब्रिटिश लेखक-स्वयंसेवकाने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात, गोळी अडवण्याच्या कामी जर्मन तत्त्वज्ञानाबरोबर भारतीय तत्त्वज्ञानाचे खंडही उपयोगी पडल्याचे लिहिले आहे. दर्शनशास्त्राचा इतका प्रत्यक्ष उपयोग अन्यत्र झाल्याचे ऐकिवात नाही.

दोन वर्षांनी चित्र पालटले. २१ सप्टेंबर १९३८ रोजी पंतप्रधान हुआन नेग्रीन यांनी जिनीव्हा येथे राष्ट्रसंघापुढे सर्व परदेशी स्वयंसेवकांना माघारी धाडण्याची घोषणा केली. फ्रँकोच्या बाजूने लढणारे जर्मन व इटालियन सैन्यही त्यामुळे मागे घेतले जावे, असा दबाव येईल ही त्यांची अपेक्षा. ती फोल ठरली; त्याच महिन्याच्या अखेरीस म्यूनिकचा करार झाला. २८ ऑक्टोबर १९३८ रोजी बार्सिलोना येथे स्वयंसेवकांचा निरोपाचा संचलन-समारंभ झाला. 'ला पासिओनारिया' या नावाने ख्यात असलेल्या कम्युनिस्ट पुढारी दोलोरेस इबारूरी यांनी त्यांना उद्देशून जे भाषण केले, त्यात निरोपाबरोबर एक निमंत्रणही होते : शांतता नांदू लागेल त्या दिवशी परत या, येथे तुम्हांला घर मिळेल, असा त्याचा आशय. परतणाऱ्यांना स्पॅनिश नागरिकत्व देण्याचे नेग्रीन यांचे आश्वासनही याच काळातील म्हणून सांगितले जाते.

पुढील सर्व मेळाव्यांचे मूळ या प्रसंगात आहे. सामान्यतः सैनिकांचा मेळावा विजयाच्या किंवा निदान सुखरूप परतीच्या स्मरणार्थ भरतो. येथे जे स्मरावयाचे होते ते एक न फिटलेले वचन होते. वचन देणारे सरकार पाच महिन्यांत नाहीसे झाले. १ एप्रिल १९३९ रोजी युद्ध संपले ते फ्रँकोच्या विजयाने. निमंत्रण देणाऱ्या इबारूरी स्वतः अडतीस वर्षे परागंदा राहिल्या व मे १९७७ मध्ये मॉस्कोहून परतल्या. यजमानच घराबाहेर असल्यावर पाहुण्यांनी यावे कोठे?

२

म्हणून पहिले मेळावे स्पेनबाहेर भरले, आणि ते कोठे भरू शकले व कोठे नाहीत याचा नकाशा म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याचा राजकीय नकाशाच होय.

ब्रिटनमधून सुमारे अडीच हजार स्वयंसेवक गेले होते, त्यांपैकी पाचशेहून अधिक मारले गेले. उरलेल्यांचा मोठा जथा ७ डिसेंबर १९३८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर उतरला तेव्हा हजारोंचा जमाव स्वागतास लोटला होता आणि मजूर पक्षाचे नेते क्लेमेंट ॲटली तेथे जातीने हजर होते. परदेशी सैन्यात भरती होणे बेकायदेशीर असल्याचा इशारा याच देशाच्या सरकारने जानेवारी १९३७ मध्ये दिला होता. जानेवारी १९३९ मध्ये लंडनमध्येच मृतांच्या स्मरणार्थ मोठी सभा झाली आणि त्याच वर्षी परतलेल्यांची संघटना स्थापन झाली. लंडनच्या ज्युबिली उद्यानातील स्मारकाचे अनावरण मायकेल फूट यांच्या हस्ते ऑक्टोबर १९८५ मध्ये झाल्यावर तेथे दरवर्षी जुलैत जमण्याची प्रथा पडली.

अमेरिकेतील सुमारे अठ्ठावीसशे स्वयंसेवकांची कथा निराळी. अब्राहम लिंकन यांचे नाव लावणारी त्यांची संघटना १९३७ मध्येच निघाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वातावरणात तिच्या वार्षिक भोजनसमारंभास हजर राहणे हाच संशयाचा विषय झाला. १९५५ साली संघीय नियंत्रण मंडळाने तिला कम्युनिस्टांची आघाडी-संघटना म्हणून नोंदणी करण्याचा आदेश दिला. तो १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवीपर्यंत दहा वर्षे गेली. या दहा वर्षांत मेळाव्यास येणे म्हणजे नोकरी पणाला लावणे होते. त्या काळातील उपस्थितीचे आकडे लहान दिसले, तर त्यावरून आठवणी पुसट झाल्या असे अनुमान काढणारा अभ्यासक फसेल.

स्वित्झर्लंडने परतलेल्या आपल्या नागरिकांवर परकीय लष्करी सेवेबद्दल खटले भरले. त्या शिक्षा कायद्याने पुसल्या गेल्या त्या २००९ साली, म्हणजे लाभार्थी जवळजवळ संपल्यावर. जर्मन व इटालियन स्वयंसेवकांना तर परतण्यास देशच नव्हता. त्यांतील पुष्कळ जण १९३९ मध्ये दक्षिण फ्रान्समधील गूर्सच्या छावणीत तारेच्या कुंपणामागे एकत्र आले. त्या एकत्र येण्याला मेळावा म्हणणे क्रूरपणाचे होईल, पण एकमेकांची नावे, गावे व कोण कोठे पडला याची उजळणी तेथेही झालीच असणार.

पूर्व युरोपात याच माणसांना एकदा पदके मिळाली व एकदा फास मिळाला. स्पेनमध्ये हंगेरियन बटालियनचे राजकीय अधिकारी असलेले लास्लो राय्क यांना ऑक्टोबर १९४९ मध्ये बुडापेस्ट येथे फाशी देण्यात आले. चेकोस्लोव्हाकियातील १९५२ च्या स्लान्स्की खटल्यात स्पेनहून आलेल्या ओटो श्लिंग यांना मृत्युदंड व आर्टुर लंडन यांना जन्मठेप झाली. परदेशांत राहिलेला, परदेशी मित्र असलेला माणूस स्टालिनच्या उत्तरकाळात संशयास्पद ठरला होता, आणि स्पेनमधील सेवा हा त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला. १९५६ साली पूर्व जर्मनीने स्पेनमधील लढवय्यांसाठी हान्स बाइमलर यांच्या नावाचे पदक काढले, आणि १९६८ साली बर्लिनच्या फ्रीड्रिखशाइन उद्यानात शिल्पकार फ्रिट्स क्रेमर यांनी घडवलेले स्मारक उभे राहिले. राज्यसंस्थेच्या आश्रयाने भरलेल्या समारंभांत भाषणांना तोटा नव्हता. राय्कविषयी तेथे किती मोकळेपणाने बोलले जात असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

या सर्वांतून एक गोष्ट स्पष्ट होते. 'स्पेनचा स्वयंसेवक' ही एकच ओळख असलेली माणसे लंडनमध्ये सन्मान्य, न्यूयॉर्कमध्ये संशयित, बर्नमध्ये गुन्हेगार, आणि बुडापेस्टमध्ये वर्षानुसार वीर किंवा देशद्रोही होती. प्रत्येक ठिकाणच्या मेळाव्याने आपापल्या परिस्थितीला सोसेल तेवढेच आठवले. अंतर्गत शिस्त, पलायन, शिक्षा, राजकीय पाळत हे विषय मेळाव्यांत क्वचितच निघत. ते बाहेर आले ते आल्बासेतेहून मॉस्कोस गेलेली ब्रिगेडींची दप्तरे १९९० नंतर अभ्यासकांना खुली झाल्यावर. तसेच, ब्रिगेडींबाहेर राहून लढलेल्यांना या बिरादरीत सहसा जागा नव्हती. बिहारमधील मोतीहारी येथे जन्मलेले जॉर्ज ऑर्वेल स्पेनमध्ये जखमी झाले ते 'पौम' या स्टालिनविरोधी पक्षाच्या सैन्यात असताना. ब्रिगेडींच्या स्मरणविधींत त्यांच्या सहकाऱ्यांचे नाव घेतले जाणे फार उशिराचे. मेळाव्याची यादी ही नेहमीच एका बाजूने तयार झालेली असते, हे विसरता येत नाही.

३

फ्रँकोचा मृत्यू २० नोव्हेंबर १९७५ रोजी झाला. त्यानंतर लगेच स्पेनचे दार उघडले असे समजणे मात्र चूक ठरेल. लोकशाहीकडे झालेले संक्रमण ज्या समजुतीवर उभे होते ती समजूत अशी, की कोणी कोणाचा जुना हिशेब मागू नये. १९७७ च्या माफी-कायद्याने तिला वैधानिक रूप दिले. युद्धाच्या पन्नासाव्या स्मृतिवर्षी, जुलै १९८६ मध्ये, त्या वेळच्या समाजवादी सरकारने काढलेल्या पत्रकात यादवी युद्ध हा समारंभपूर्वक स्मरण करण्याजोगा प्रसंग नव्हे असेच म्हटले होते. सत्तेवर असलेला पक्ष त्या युद्धात हरलेल्या बाजूचा वारस होता, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दांतील सावधपणा कळतो. त्या वर्षी जुने स्वयंसेवक माद्रिदला आले, १९८८ साली निरोपाच्या पन्नासाव्या वाढदिवशी बार्सिलोनात रॉय शिफ्रिन यांचे 'डेव्हिड आणि गोलायथ' हे शिल्प उभे राहिले. परंतु राज्यसंस्थेने वचनपूर्ती केली असे त्यास म्हणता येत नाही.

ती वेळ आली नोव्हेंबर १९९५ मध्ये. स्पेनच्या लोकसभेने आंतरराष्ट्रीय स्वयंसेवकांना नागरिकत्व देण्याचा ठराव एकमताने संमत केला. १९ जानेवारी १९९६ रोजी फेलिपे गोन्झालेस यांच्या सरकारने तदनुसार हुकूमनामा काढला. मार्चमध्ये निवडणूक झाली, सरकार पडले, आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये माद्रिदच्या बचावाच्या साठाव्या स्मृतिदिनाच्या सुमारास प्रत्यक्ष मेळावा भरला तेव्हा होसे मारिआ आस्नार यांचा पुराणमतवादी पक्ष सत्तेवर होता. मेळाव्याचे खरे यजमान सरकार नव्हतेच. ब्रिगेडींच्या मित्रांनी स्थापन केलेल्या एका खाजगी संस्थेने तो घडवून आणला. साडेतीनशेच्या आसपास वृद्ध स्त्रीपुरुष जगाच्या निरनिराळ्या भागांतून आले. बहुतेकांनी ऐंशी ओलांडली होती. काही चाकाच्या खुर्चीत, काही नातवंडांच्या खांद्यावर हात ठेवून. संसदभवनात त्यांचे स्वागत झाले, माद्रिदच्या क्रीडाप्रासादात हजारो लोकांनी त्यांच्यासाठी गाणी म्हटली, आल्बासेते व बार्सिलोना या गावी त्यांच्या सभा झाल्या. आलेल्यांत जसे साठ वर्षे पक्षाशी एकनिष्ठ राहिलेले होते, तसे पक्षाने हाकललेले व पक्ष सोडलेलेही होते. निमंत्रण देणाऱ्या इबारूरी १९८९ मध्येच निवर्तल्या होत्या.

माद्रिदच्या उत्तरेकडील फ्वेनकार्रालच्या दफनभूमीत पडलेल्या स्वयंसेवकांची थडगी युद्धानंतर उद्ध्वस्त करण्यात आली होती. म्हणून तेथे जाणाऱ्या जुन्या सोबत्यांना वंदन करावे लागते ते नंतर बसवलेल्या शिलालेखांना. पायाखालची नेमकी कोणती जमीन कोणाची, हे सांगण्याची सोय उरलेली नाही.

या मेळाव्याचा अर्थ लावताना दोन बाबींकडे दुर्लक्ष होत आले आहे. पहिली, नागरिकत्वाची अट. स्पॅनिश दिवाणी संहितेच्या सर्वसामान्य नियमानुसार ते स्वीकारणाऱ्याने आपले मूळ नागरिकत्व सोडणे आवश्यक होते. ऐंशी वर्षांच्या इंग्रज किंवा अमेरिकन माणसाने निवृत्तिवेतन व औषधोपचार ज्या राज्यावर अवलंबून आहेत त्याचे नागरिकत्व सोडावे, ही अपेक्षा अव्यवहार्य होती. बहुसंख्यांनी मान स्वीकारला व नागरिकत्व नाकारले. शब्दाने दिलेले वचन शब्दानेच फेडले गेले, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही. ही अट दूर केली २००७ सालच्या 'ऐतिहासिक स्मृती' कायद्याने. त्यानुसार जून २००९ मध्ये लंडनच्या स्पॅनिश वकिलातीत सात जणांना पारपत्रे देण्यात आली. त्यांत शंभर वर्षांच्या परिचारिका पेनी फाइवेल होत्या. १९९६ च्या हुकूमनाम्याच्या शीर्षकात 'लढवय्ये' हाच शब्द होता. ज्यांनी बंदूक न धरता जखमा बांधल्या त्यांचा समावेश त्या शब्दात करून घ्यावा लागतो, हेही या प्रसंगी ध्यानात येते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची. १९९५ चा ठराव एकमताने का संमत झाला? याच संसदेत २००७ च्या कायद्यावरून कडवा वाद झाला व पुराणमतवादी पक्षाने त्यास विरोध केला. मधल्या काळात घडलेली मोठी गोष्ट म्हणजे ऑक्टोबर २००० मध्ये लेओन प्रांतातील प्रिआरान्सा देल बिएर्सो येथे १९३६ साली ठार मारलेल्या तेरा नागरिकांचे सामुदायिक थडगे एका नातवाच्या पुढाकाराने शास्त्रीय पद्धतीने उकरले गेले. त्यानंतर देशभर उत्खननांची मागणी सुरू झाली. आजोबांच्या अस्थी मागणारा नातू शेजारच्याच घराकडे बोट दाखवतो. परदेशी पाहुणा कोणाकडेच बोट दाखवीत नाही. तो येतो, डोळे पुसतो, टाळ्या स्वीकारतो आणि विमानाने परत जातो. १९९६ साली स्पॅनिश समाजाला आपल्या मृतांविषयी बोलणे जमत नव्हते, म्हणून त्याने परक्यांच्या जिवंतांचा सत्कार केला, असे अनुमान या घटनाक्रमावरून निघते. सत्काराचा खरेपणा त्यामुळे कमी होत नाही. क्रीडाप्रासादात जमलेल्या स्पॅनिश श्रोत्यांपैकी किती जण त्या परदेशी म्हाताऱ्यांसाठी रडत होते आणि किती जण स्वतःच्या घरातील कोणासाठी, हे विभागून सांगणे त्यांनाही जमले नसते. पण एकमताचे श्रेय संसदेच्या औदार्याइतकेच विषयाच्या निरुपद्रवीपणाला द्यावे लागते.

तो निरुपद्रवीपणाही टिकला नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये माद्रिदच्या कॉम्प्लुतेन्से विद्यापीठाच्या आवारात, म्हणजे १९३६ च्या प्रत्यक्ष रणभूमीवर, ब्रिगेडींचे स्मारक उभारण्यात आले. ते बांधकामाच्या परवान्याविना उभारले या कारणास्तव २०१३ मध्ये न्यायालयाने ते हटवण्याचा आदेश दिला. स्मृतीवरील आक्षेप नगररचनेच्या भाषेत मांडता येतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

४

आता ज्याला बोलावणे आले नाही त्याच्याकडे वळले पाहिजे.

गोपाळ मुकुंद हुद्दार, बाळाजी हुद्दार या नावाने नागपुरात परिचित असलेले हे गृहस्थ, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. डॉ. हेडगेवार यांच्या अगदी निकटच्या वर्तुळातील या कार्यकर्त्यास १९३१ च्या बालाघाट येथील राजकीय दरोड्याच्या प्रकरणात कारावास झाला. सुटकेनंतर ते वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासासाठी लंडनला गेले, तेथे डाव्या विचारांच्या संपर्कात आले, आणि १९३७ मध्ये स्पेनला जाऊन आंतरराष्ट्रीय ब्रिगेडीत दाखल झाले. 'स्वयंसेवक' हा एकच शब्द त्यांच्या आयुष्यात दोनदा, आणि दोन विरुद्ध दिशांनी, आला. एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाच्या परिसरात ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले व बुर्गोसजवळील सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठातील तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. शेकडो परदेशी कैद्यांचा हा मठ अनेक दृष्टींनी विलक्षण होता. फ्रँकोच्या सैन्याचे मनोविकारतज्ज्ञ वायेखो-नाखेरा यांनी मार्क्सवादी मनाची विकृती शोधण्यासाठी तेथील कैद्यांवर चाचण्या केल्या. कैद्यांनी उलट भाषा, गणित व इतर विषयांचे वर्ग चालवले आणि एक हस्तलिखित वार्तापत्रही काढले. १९३८ सरताना हुद्दार सुटले, लंडनमध्ये भारतीय मंडळींनी त्यांचे स्वागत केले, व नंतर ते मायदेशी परतून कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यात शिरले.

स्पेनशी भारतीयांचा संबंध एवढ्यावर संपत नाही. जवाहरलाल नेहरू व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यासह जून १९३८ मध्ये बार्सिलोनास गेले होते व ब्रिगेडींतील लोकांना भेटले होते. स्पेनमध्ये वैद्यकीय सेवा केलेले डॉ. अटल त्याच वर्षी काँग्रेसने चीनकडे पाठवलेल्या वैद्यकीय पथकाचे प्रमुख झाले. त्या पाच जणांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीसांची पुढील कथा महाराष्ट्रास ज्ञात आहे. कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून स्पेनमधील कामानंतर चीनमध्ये गेले व तेथेच निवर्तले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद कोटणीसांकडे आले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचेही तेथेच निधन झाले.

कोटणीसांची स्मृती दोन राज्यसंस्थांनी जपली. तिला स्मारके, चित्रपट, टपाल तिकीट लाभले. हुद्दारांच्या स्पेनमधील अध्यायाला यांपैकी काहीच मिळाले नाही, आणि याचे कारण कर्तृत्वातील तफावतीत शोधण्यापेक्षा स्मरणाच्या यंत्रणेत शोधणे योग्य. भारतातून स्पेनला गेलेले, नावानिशी माहीत असलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांची संघटना होणे, वार्षिक मेळावा भरणे संभवतच नव्हते. ते ज्या संस्थेत घडले त्या संस्थेच्या इतिहासात स्पेन हे अडचणीचे प्रकरण, आणि ज्या पक्षात गेले त्याच्या इतिहासात नागपूर हे अडचणीचे प्रकरण. दोन्हीकडच्या समारंभांत त्यांचे अर्धेच आयुष्य सांगण्याजोगे होते. १९७९ मध्ये 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'त त्यांचा जो लेख आला आणि पुढे वारंवार उद्धृत झाला, त्याचा विषय १९३९ साली सुभाषचंद्र बोस यांच्या वतीने हेडगेवारांना भेटण्याचा त्यांनी केलेला प्रयत्न हा होता. त्यांना प्रश्न विचारणाऱ्यांना हवे होते ते त्यांच्या आयुष्यातले नागपूर. १९८१ साली ते वारले, म्हणजे माद्रिदच्या मेळाव्यापूर्वी पंधरा वर्षे.

त्यांचे निमंत्रण अडण्यास आणखी एक, अगदी कारकुनी स्वरूपाचे कारण होते. ब्रिगेडीत ते हुद्दार या नावाने गेलेच नव्हते. तेथे त्यांचे नाव होते जॉन स्मिथ. इंग्रजी नावांतील याहून अनाम नाव शोधून सापडणार नाही. मेळाव्याचा पाया म्हणजे नामावली. कोण होता, कोणत्या तुकडीत होता, कोणी त्याला पाहिले, यावर तेथील ओळख ठरते. सान पेद्रोच्या मठातून सुटून ब्रिटनला परतलेल्या कैद्यांच्या आठवणींत एखादा भारतीय सोबती येतो तेव्हा तो हुद्दार म्हणून येईलच असे नाही. ज्या नावाने त्याने धोका पत्करला ते नाव त्याचे नव्हते, आणि जे नाव त्याचे होते ते यादीत नव्हते.

आता मेळावे संपले आहेत. अमेरिकन तुकडीतील शेवटचे ज्ञात स्वयंसेवक डेल्मर बर्ग २०१६ मध्ये, शेवटचे ज्ञात ब्रिटिश स्वयंसेवक जेफ्री सर्व्हान्ट २०१९ मध्ये, आणि सर्वांत अखेरचे मानले गेलेले होसेप आल्मुदेवेर मे २०२१ मध्ये फ्रान्समध्ये निवर्तले. ऑक्टोबर २०२२ मधील 'लोकशाही स्मृती' कायद्याने स्वयंसेवकांच्या वंशजांसाठी नागरिकत्वाची वाट खुली केली असून, त्यासाठी अर्जदाराला आपले पूर्वज ब्रिगेडीत होते हे कागदपत्रांनी शाबीत करावे लागते. नागपूरच्या अभ्यासकास हा धागा पुढे न्यावयाचा असेल, तर मॉस्को, लंडन व सालामान्का येथील दप्तरांत त्याने 'ह' या अक्षराखाली फार वेळ घालवू नये. गांदेसा व सान पेद्रो यांच्या कैद्यांच्या याद्यांतील स्मिथ मंडळी एकेक करून तपासावीत.